दूधकट्ट्यावरची तोंडी परीक्षा

शमशुद्दीन नदाफला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीवरची उशी दोन्ही हातांनी दाबत उभा होता. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या उशीला हात घालावा हे मला आवडलं नाही, आणि जे आवडत नाही ते पोटात ठेवायची मला सवय नाही. "काय हरवलंय का त्यात?" मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "कापूस झकास हाय, सर. टाका चुकलाय. त्यामुळं सगळा गोळा एका अंगाला पळतोय." मग हात झटकून त्याने ओळख करून दिली. प्राणिशास्त्राचा नवा अधिव्याख्याता, गाव जयसिंगपूर, वडील गाद्या भरतात. दुसऱ्या दिवशी तो घरून दाभण आणि दोरा घेऊन आला आणि दोन लेक्चरांच्या मधल्या वेळात त्याने माझी उशी सरळ करून टाकली. तेव्हापासून मी त्या उशीवर बसतो आणि नदाफवर चिडतो. ही अडुसष्ट सालची गोष्ट.

उंचीने जेमतेम पाच फूट, अंगाने काडी, आणि डोक्यावर केस मात्र दाट, पिंजलेल्या कापसासारखे उभे. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत आमची बिऱ्हाडं एकाच चौकात होती, त्यामुळे कॉलेजात चुकवलेला नदाफ घरी भेटायचाच. मी रसायनशास्त्राचा माणूस. जे उकळत नाही आणि ज्याला वास येत नाही त्यात मला रस नाही. नदाफचा सगळा जीव मात्र पेशीच्या पडद्यात अडकलेला. प्रत्येक पेशीला म्हणे एक पडदा असतो, आणि तो इतका पातळ की आमच्या कॉलेजच्या मायक्रोस्कोपमधून दिसतच नाही. दिसते ती नुसती कड. हा पडदा वाकतो, फुगतो, आत दुमडतो, तुटतो आणि तुटल्या जागी पुन्हा जुळतो, तेही आतलं काही न सांडता.

"तुम्ही विचार करा, सर," तो मला जिन्यात गाठून सांगायचा. "गादीची खोळ फाडायची, आतला कापूस बाहेर काढायचा, आणि खोळ आपल्या आपण शिवली जायला पायजे. बोंडभर कापूस खाली पडता कामा नये. आमच्या अब्बांना जमणार न्हाय. ह्या पेशीला रोज जमतंय."

"जमू दे," मी म्हणायचो. "मला जाऊ द्या."

डॉक्टरेटसाठी त्याने दूध हा विषय घेतला. म्हशीच्या कासेतल्या पेशींत लोण्याचे बारीक थेंब तयार होतात. थेंब सरकत सरकत पेशीच्या कडेला येतो, तिथे कड बाहेर फुगते, पेशी आपलाच पडदा थेंबाभोवती गुंडाळते, मानेशी आवळते आणि पडद्यासकट त्याला दुधात सोडून देते. म्हणजे आपण पेलाभर दूध पितो तेव्हा म्हशीच्या असंख्य पेशींनी आपल्या अंगावरचं काढून दिलेलं पांघरूण पितो. हे त्याने मला समजावून सांगितल्यावर मी दोन दिवस काळा चहा घेतला.

आता कधीकधी काय होतं, गुंडाळायच्या घाईत पेशीचा स्वतःचा एखादा तुकडा त्या पांघरुणात अडकतो. निळा रंग दिला की तो थेंबाच्या कडेला कोरीसारखा उमटतो. नदाफ त्याला 'कोर'च म्हणायचा. ही कोर बघूनच पडदा कसा वळला, कुठे आवळला हे कळेल, असा त्याचा दावा होता. बहुतेक म्हशींच्या दुधात कोर शोधून सापडत नाही. पण गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, जिथे गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास हातात देतात, चिमणाबाईची रंभी म्हणून एक म्हैस होती, लांब तलवारीसारख्या शिंगांची, तिच्या दुधात कोरींचा बाजार भरलेला असायचा. नदाफने सायकलच्या कॅरिअरला बाटली बांधून ते दूध वर्षभर कॉलेजात वाहिलं आणि प्रबंध लिहिला.

प्रबंध परत आला. परीक्षक होते पुण्याचे डॉ. ओगले. त्यांच्या संस्थेत तेव्हा नवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला होता, आणि त्या यंत्रात पेशीचा पडदा खरोखर दिसायचा, दोन काळ्या रेघा शेजारी शेजारी. त्याचा एक फोटो नदाफने परदेशी मासिकातून कापून घरी कॅलेंडरच्या जागी लावला होता. त्या यंत्राला हात लावायचा तर ओगल्यांच्या संस्थेत नोकरी हवी आणि नोकरीला डॉक्टरेट हवी. आणि डॉक्टरेट ओगल्यांच्या हातात. ते म्हणाले, थेंब गार झाला की वेडावाकडा होतो, हिसका बसला की त्याचा पडदा निसटतो. तेव्हा ही कोर म्हशीच्या पेशीत तयार झाली की सायकलच्या कॅरिअरवर, हे उमेदवाराने आधी सिद्ध करावं.

स्टाफरूम महिनाभर हसत होती. मीही हसलो. नदाफ एकटाच गंभीर होता. "बरोबर हाय त्यांचं," तो म्हणाला. "आमच्या गंगावेशीच्या रस्त्याला काय कमी खड्डे हायत?"

मग त्याने मायक्रोस्कोप गोधडीत गुंडाळला आणि थेट कट्ट्यावर नेला. संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहिल्या की गिऱ्हाइकांच्या रांगेत हाही उभा. लोकांना ग्लास हवा, याला एक थेंब. आधी सगळ्यांना वाटलं हा दुधातलं पाणी पकडणारा सरकारी माणूस. आपल्या डोळ्यांदेखत काढलेल्या धारेत कुणी पाणी कसं घालेल, हा विचार कुणी केला नाही. दोन गवळी म्हशी घेऊन पळाले. पुढे त्यांची भीड चेपली आणि जो तो आपल्या म्हशीचं दूध दाखवायला आणू लागला. "मास्तर, आमच्या म्हशीत कोर हाय का बगा की." नदाफ खरं सांगायचा, नाही म्हणून. तो माणूस तोंड पाडून जायचा. केरबा पैलवान नावाचं धूड रोज तिथे दूध प्यायला यायचं. त्याने ठरवून टाकलं की कोरीने मांड्या भरतात. तेव्हापासून तो रंभीखेरीज कुणाच्या दुधाला शिवेना, आणि नदाफने भिंगातून बघून मान हलवल्याशिवाय ग्लास तोंडाला लावेना. त्याचं बघून सगळी तालीम चिमणाबाईकडे वळली. बाकीचे गवळी "बिनकोरीचं दूध, लवकर पचतंय" असं ओरडायला लागले.

चिमणाबाई मूळची गडमुडशिंगीची, नवरा वारलेला, पदरी रंभी एवढी एकच म्हैस. तिचा आवाज पंचगंगेच्या पल्याड जायचा. त्या साली पावसाळ्यात रंभी पुन्हा व्यायली होती आणि तिचं रेडकू आठवडाभरात गेलं होतं. रेडकू समोर नसेल तर म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून चिमणाबाईच्या दिराने, पिराजीने, मेलेल्या रेडकाचं कातडं वाळवून त्यात भाताचा पेंढा कोंबला होता. धार काढायच्या वेळी ते सोंग रंभीपुढे ठेवायचं. ती त्याला चाटायची, हुंकारायची, आणि सडांत दूध उतरायचं. तीन महिने हे असंच चाललेलं.

दिवाळीनंतर ओगल्यांचा निरोप आला. सोमवारी ते विद्यापीठाच्या दुसऱ्या कामासाठी कोल्हापुरात येणार होते. संध्याकाळी कट्ट्यावर येतील, ताजं दूध स्वतः बघतील, तिथेच तोंडी परीक्षा घेतील आणि रात्रीच्या गाडीने परत जातील. कोर दिसली तर डॉक्टरेट. नाही दिसली तर विषय बंद. नदाफने मला हे जिन्यात गाठून सांगितलं. "सर, त्या रेघा मला दिसतील," तो म्हणाला. मला त्याचं एवढं वाईट वाटलं की मी त्याच्यावर खेकसलो आणि त्याला नवी टाय बांधायला शिकवली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सोमवारी दुपारी मी अंगणात आलो तर नदाफच्या दारात कापसाचा ढग उठलेला. वडिलांची पिंजायची कमान भिंतीवरून उतरलेली, सुलतानबी वहिनी सुईत दोरा ओवतायत, आणि नदाफच्या मांडीवर रंभीचं रेडकू.

"ह्ये बघवतंय का सांगा," तो म्हणाला. "एक कान न्हाय, पोटाला पोक, ढुंगणातून पेंढा बाहेर येतोय. सांजच्याला पुण्याचा माणूस बघणार. त्याला कळलं मी नदाफाचा, तर काय म्हणेल?"

"ओगल्यांना रेडकाच्या शिवणीत गोडी असेल असं वाटत नाही."

"मला हाय ना."

मी समजावलं. पण पिंजाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसापुढे वाईट भरलेली वस्तू ठेवली की त्याची बुद्धी चालत नाही, हात चालतात. त्याने सगळा पेंढा उपसला, जयसिंगपूरच्या चांगल्या कापसाने पोट भरलं, पाठीचा कणा दिला, पायांना गुडघे दिले, नवा कान शिवला. सुलतानबीने आपल्या जुन्या झग्याची काळी बटणं डोळ्यांच्या जागी लावली आणि डोकं मागे घेऊन बघितलं. "बोलेगा अब," त्या म्हणाल्या. खरंच, ते आता हंबरेल असं वाटत होतं. एवढं गुटगुटीत मी जिवंत रेडकूसुद्धा कधी पाहिलं नाही. जुना पेंढा सुलतानबीने पाणी तापवायच्या बंबात घातला.

संध्याकाळी ओगले आले. उंच, करडे, कोटाला चॉक लागलेला, आणि तोंडावर भाव असा की जणू कुणीतरी सतत त्यांचा वेळ खातंय. कट्ट्यावर अर्धी गंगावेस जमलेली. केरबाने तालमीची सगळी पोरं आणली होती, कुणाला तरी उचलायचं झालं तर असावीत म्हणून. मायक्रोस्कोप मांडला, काचपट्ट्या पुसल्या, नदाफने टाय सारखी केली. चिमणाबाईने नवं रेडकू रंभीपुढे ठेवलं.

रंभीने त्याला हुंगलं. मग मान वर करून ओगल्यांकडे पाहिलं, जणू त्यांनीच हे आणलंय. पुन्हा हुंगलं, फुरफुरली, आणि पुढच्या पायाने त्या रेडकाला असं ढकललं की ते केरबाच्या पायाशी जाऊन पडलं.

"अगं बया," चिमणाबाई म्हणाली. "मास्तर, ह्ये कुणाचं प्वार आणलंसा?"

"तिचंच हाय, मावशी. कातडं तेच हाय."

"कातडं त्येच आसंल. पर तिला वळख लागंना की!"

चिमणाबाईने पुढे पेंड ठेवली, पाठ थोपटली, सड ओढले. एक थेंब नाही. नदाफचा चेहरा कापसासारखा झाला. पिराजीने पुढाकार घेऊन शिवण उसवली, सुंदर पिंजलेला कापूस रस्त्यावर उपसला आणि कट्ट्यावर पडलेली वैरण आत कोंबली. रंभीने या खेपेला रेडकाला जवळ घेतलं, त्याच्या पोटाला तोंड लावलं आणि आतली वैरण ओढून खायला सुरुवात केली. तालमीची पोरं हसली. ओगल्यांनी घड्याळ बघितलं.

"मिस्टर नदाफ, माझी गाडी आहे," ते म्हणाले.

नदाफ त्या रिकाम्या कातड्याकडे बघत उभा होता. वाईट वाटतं म्हणून दुरुस्त करायला गेला आणि स्वतःच्या हाताने सगळं घालवून बसला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ते कळेना.

"आत कायतरी जितं पायजे," चिमणाबाई एकदम म्हणाली. "हलणारं. ढुसणी देनारं." तिची नजर कट्ट्यावर फिरली. केरबावर आली आणि पुढे गेली. पिराजीवर आली आणि पुढे गेली. मग ती नदाफवर येऊन थांबली. सगळ्यांच्या नजरा तिच्यामागे तिथेच आल्या.

नदाफने कोट काढून माझ्या हातात दिला, टाय शर्टात खोचली, आणि रस्त्यावर गुडघे टेकले. चिमणाबाईने रेडकाचं कातडं त्याच्या पाठीवर घातलं, डोक्याचा भाग टोपीसारखा ओढला. बटणांचे डोळे त्याच्या कपाळावर आले. मग आमचे प्राणिशास्त्राचे अधिव्याख्याते चार पायांवर रंभीच्या तोंडाखालून गेले आणि त्यांनी तिच्या कासेला डोक्याने ढुसणी दिली.

रंभी थरथरली. तिने मान वळवली, त्याच्या पाठीला हुंगलं, आणि खरखरीत जिभेने त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत एकदा चाटलं. मग पुन्हा चाटलं. तिच्या घशातून असा एक आवाज निघाला, की चिमणाबाईने पदर तोंडाला लावला. "सोडला," ती म्हणाली. "पान्हा सोडला." आणि चरवीत धार वाजायला लागली.

मी थेंब घेतला, रंग दिला, काचपट्टी लावली. रसायनशास्त्राच्या माणसाला एवढं येतं. ओगले भिंगावर वाकले. नदाफला उठता येत नव्हतं, कारण तो सरकला की रंभी पाय उचलायची. तेव्हा ओगल्यांनी भिंगातून डोळा न काढताच परीक्षा सुरू केली.

"थेंब पेशीच्या बाहेर येताना पडद्याचा आकार कोण ठरवतं?"

"आतला दाब ठरवतो, सर," कातड्याखालून उत्तर आलं. "आणि पडद्याच्या आतून धागे असतात, त्यांची ओढ. गादीच्या टाक्यासारखी... मावशी, शिंग आवरा... टाका नसला तर गोल फुगवटा येतो, सर."

"आणि मानेशी तो तुटतो, तेव्हा आतलं बाहेर का सांडत नाही?"

"तुटायच्या आधीच कडा एकमेकींना मिळतात, सर. आधी जुळणी, मग तोड."

"हम्." ओगल्यांनी भिंगाचा स्क्रू फिरवला. मग त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. "कोर आहे," ते म्हणाले. "ही बघा. ही दुसरी. अरे, हलवू नका कोणी! इथे तर प्रत्येक..." हा पंचावन्न वर्षांचा रागीट माणूस कट्ट्यावर पालथा झोपला, चष्मा वर ढकलून भिंगाला डोळा लावून. "तुमचं खरं होतं. सायकलचा काही संबंध नाही."

केरबाने शिट्टी मारली. ओगल्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"शेवटचा प्रश्न. दर थेंबागणिक पेशी आपला पडदा काढून देते. सारखी देते, रोज देते. मग तिचं आवरण संपत कसं नाही?"

रंभी त्याचं डोकं चाटत होती. "माहीत न्हाय, सर," नदाफ म्हणाला.

"मलाही माहीत नाही," ओगले म्हणाले आणि उठून गुडघे झटकले. "डॉक्टर नदाफ, पुढच्या महिन्यात आमच्याकडे रुजू व्हा. यंत्र मोकळं आहे. आपण दोघं मिळून शोधू." ते रंभीखाली वाकले, कातड्यातून बाहेर आलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि हलवला. मग गाडी पकडायला निघून गेले.

त्या रात्री आमच्या चौकात पेढे वाटले गेले. सुलतानबीने नवऱ्याचं डोकं शिकेकाईने तीनदा धुतलं, तरी म्हशीचा वास गेला नाही. मला इतका आनंद झाला होता की मी दोघांनाही जेवायला बोलावलं आणि जेवताना नदाफला त्याच्या उत्तरातल्या दोन चुका सांगितल्या.

सकाळी उजाडताच चिमणाबाई नदाफच्या दारात. "डाक्टर, चला. म्हस आडून बसलीया."

एक वेळ, असं म्हणून तो गेला. संध्याकाळी पुन्हा गेला. नंतर रोज दोन वेळा. डॉक्टरेट मिळालेला माणूस काखेत कातडं मारून गंगावेशीला निघाला की पेठेतले लोक अदबीने बाजूला व्हायचे. "डॉक्टर निघाले, भांडी काढा," असं कुणीतरी आत ओरडायचं. सुलतानबी मला म्हणायच्या, "भैंस ने ले लिया मेरे मरदकू, सर. अब मैं जाके किसकू बोलूं?" आणि हसता हसता डोळे पुसायच्या.

पुण्याला जायचे दिवस जवळ आले. नदाफने योजना आखली. रंभीला कातडं हवं आहे, आत कोण आहे याच्याशी तिला काय करायचंय? तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी शिकवून तयार करायचं. पहिला मान पिराजीला मिळाला, त्याला लाथ बसली. केरबाला कातडं पुरेना म्हणून नदाफने कडेला पट्टी जोडून दिली. केरबा खाली शिरला तर रंभी खालीच बसली, आणि त्याला काढायला तालीम लागली. चिमणाबाई स्वतः शिरली. रंभीने तिला ओळखलं आणि पेंड मागितली. शेवटी मला घातलं. होय, मला. एम.एस्सी. पहिला वर्ग. मी त्या कुबट कातड्याखाली रस्त्यावर रांगलो, ढुसणी दिली, हंबरलोसुद्धा. रंभीने माझ्या तोंडावर शेपटी मारली आणि पाठ फिरवली. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

"टाके चुकतायत," नदाफ म्हणत राहिला. दर माणसागणिक तो कातडं उसवून पुन्हा बेतायचा. त्याचा अजून विश्वास होता की आवरण नेमकं बसलं की काम होईल. इतकी वर्षं हेच शिकवणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

मग एका गुरुवारी सुलतानबीने कातडं मीठ लावून गच्चीवर वाळत घातलं. नदाफ नुसताच कट्ट्यावर गेला, आज उशीर होईल एवढं सांगायला. मी बरोबर होतो. आम्ही वळणावर असतानाच त्याने चिमणाबाईला हाक मारली. रंभीने मान वर केली. घशातून तोच आवाज काढला. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तिला कुणी हात लावला नव्हता, समोर रेडकू नव्हतं, कातडं नव्हतं, तरी तिच्या चारी सडांतून दूध खाली ठिपकायला लागलं. नदाफ जवळ गेला. तिने त्याचं ते पिंजलेलं डोकं चाटायला सुरुवात केली.

तो तसाच उभा राहिला. शेवटी म्हणाला, "सर, म्हणजे कातड्याचा काही संबंधच न्हाय."

त्यानंतर त्याने दुसऱ्या कुणाला तयार करायचा नाद सोडला. चिमणाबाईने स्वतः त्याला सांगितलं, "जावा डाक्टर तुमी. माझं मी बगीन. म्हस हाय ती, आटंल चार दिसात, त्यात काय." ती मनापासून सांगत होती. सुलतानबीने ट्रंक भरली. ओगल्यांनी कॉलेजच्या ऑफिसात ट्रंककॉल केला. सोमवारी आला नाहीत तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, वरून दबाव आहे. नदाफ फोनवर काय बोलला ते मला हेडक्लार्कने सांगितलं. तो नाही म्हणाला होता.

मी तडक कट्ट्यावर गेलो. तो हात धूत होता. माझा तोल गेला. इतकी वर्षं या माणसाचं जिन्यात ऐकून घेतलं, त्याच्यासाठी रस्त्यावर रांगलो, आणि हा दारात आलेलं सगळं लाथाडतो!

"नदाफ, शुद्धीवर या," मी सगळ्यांसमोर ओरडलो. "म्हैस आहे ती! महिनाभर खंगेल, आटेल, पुन्हा गाभण राहील, विसरून जाईल. तुम्हाला तो पडदा बघायचा आहे ना? आयुष्यभर तेवढंच तर म्हणत आलात."

"बघायचाय की," तो म्हणाला.

"मग?"

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं त्याच्या लक्षातही नव्हतं.

"तिचं एक रेडकू गेलंय, सर," तो म्हणाला. "आता दुसऱ्यानं पण जायचं व्हय?"

मी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला. चिमणाबाईने चरवी पुढे केली, आणि डॉक्टर शमशुद्दीन नदाफ रंभीच्या पोटाशी जाऊन बसला.